परतीच्या दोन वाटा

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सकल विश्वाचा पालनकर्ता आहे. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि सर्व सहाबा यांच्यावर.



आपली मुले आता इंग्रजी शाळांत शिकतात आणि तिथले वाक्प्रचार घरी घेऊन येतात. 'बॅक टू स्क्वेअर वन' हा त्यांपैकीच एक. सापशिडीच्या पटावर शंभराच्या जवळ पोहोचलेली सोंगटी सापाच्या तोंडी सापडून तळाच्या घरात येऊन पडावी, तसे एखाद्याचे झाले की इंग्रज माणूस हे शब्द वापरतो. आपल्या मराठीत याच अर्थाने 'पहिले पाढे पंचावन्न' म्हणतात, आणि सुधारलेला माणूस जुन्या सवयीकडे वळला की 'ये रे माझ्या मागल्या' म्हणतात. इंग्रजीत परतण्याविषयी आणखी एक वाक्प्रचार आहे, 'टु कम फुल सर्कल', म्हणजे वर्तुळ पूर्ण होणे. दोन्ही ठिकाणी माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. पहिल्या वाक्प्रचारात मात्र त्या परतण्याला हानी मानले आहे, तर दुसऱ्यात पूर्णत्व.

ठिकाण एकच असताना एकाचे परतणे हानी आणि दुसऱ्याचे परतणे पूर्णत्व कशामुळे ठरते? हा प्रश्न भाषेपुरता नाही. रमजान संपल्यावर, हजहून आल्यावर, आजारातून उठल्यावर, पुराचे पाणी ओसरल्यावर आपण सारेच कुठे ना कुठे परततो. ते परतणे दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे दिव्य कुरआन आणि प्रेषितांच्या शिकवणीच्या प्रकाशात पाहावयाचे आहे.

परतणे हा सृष्टीचाच नियम

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. तरीही ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि वाई, कराड, सांगली ही गावे ओलांडून सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करीत पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमावर कोसळणारा पाऊस कुठून येतो? तो समुद्रावरूनच येतो. मोसमी वारे अरबी समुद्राचे बाष्प सह्याद्रीवर आणून ओततात. समुद्रातून निघालेले पाणी डोंगर, ओढे, नदी, शेत, विहीर असा प्रवास करून पुन्हा समुद्रात जाते आणि तिथून पुन्हा आकाशात चढते.

दिव्य कुरआनच्या सूरह अत-तारिकमध्ये आकाशाची शपथ वाहताना अल्लाहने 'रज्अ' हा शब्द वापरला आहे (८६:११). त्याचा मूळ अर्थ परतणे. भाष्यकारांनी तिथे पाऊस असा अर्थ घेतला आहे, कारण पाऊस पुन्हा पुन्हा परतून येतो. त्याच सूरहमध्ये तीनच आयती आधी सांगितले आहे की अल्लाह मानवाला परत आणण्यास, म्हणजेच मृत्यूनंतर पुन्हा उठविण्यास समर्थ आहे (८६:८). तिथेही त्याच धातूपासून झालेला शब्द आहे. आणि मृत्यूची वार्ता कानी पडताच आपण जे 'इन्ना लिल्लाहि' म्हणतो, त्याच्या अखेरीस 'राजिऊन' हा शब्द येतो, तोही याच धातूचा. पावसाचे परतणे, मेलेल्या माणसाचे पुन्हा उठणे आणि आपले आपल्या निर्मात्याकडे जाणे या तिन्हींना कुरआनने एकाच शब्दाच्या धाग्यात ओवले आहे.

म्हणजे परतणे ही काही अपयशाची खूण नव्हे. अल्लाहने सृष्टीची रचनाच तशी केली आहे. पण पाणी परतते ते वाटेतील शेते भिजवून परतते. माणूस परततो तेव्हा वाटेत त्याने काय केले आणि परतून तो कोणासमोर उभा राहिला, यावरून त्याच्या परतण्याची किंमत ठरते.

कातलेले सूत उसवणारी स्त्री

आपण प्रत्येक शुक्रवारी जुमाच्या खुतब्याच्या अखेरीस सूरह अन-नहलची एक आयत ऐकतो. न्याय, परोपकार व नातलगांना देणे यांचा आदेश आणि निर्लज्जपणा, दुष्कर्म व अतिरेक यांची मनाई त्या आयतीत आहे (१६:९०). तिच्या पुढच्या आयतीत अल्लाहशी केलेला करार पाळण्याचा आदेश आहे. आणि त्याच्याही पुढे एका स्त्रीचा दृष्टांत आहे. तिने मेहनतीने घट्ट सूत कातले आणि मग आपल्याच हाताने उसवून त्याचे तुकडे तुकडे केले. तिच्यासारखे होऊ नका, असे कुरआन बजावतो (१६:९२).

विटा किंवा माधवनगरच्या यंत्रमागांवर ज्यांनी आयुष्य घातले आहे, त्यांना हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. सूत तुटणे आणि सूत उसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटलेला धागा कारागीर गाठ मारून पुढे नेतो. तो त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण चांगले विणलेले कापड स्वतःच्या हाताने उसवणाऱ्याला काय म्हणावे? हातून पाप घडणे हे धागा तुटण्यासारखे आहे. माणूस दुर्बल आहे, धागा तुटणारच, आणि तौबाची गाठ त्यासाठीच दिली आहे. सुधारलेले जीवन जाणूनबुजून पुन्हा बिघडवणे हे मात्र उसवणे होय.

रमजानची सत्ताविसावी रात्र आठवून पाहा. मशिदीत पाय ठेवायला जागा नसते, उशिरा येणाऱ्याला बाहेर रस्त्यावर चटई टाकून उभे राहावे लागते. त्याच मशिदीत ईदनंतरच्या तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजला किती ओळी असतात, हे तिथले इमामसाहेब आणि मुअज्जिन चांगले जाणतात. महिनाभर दिवसा पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या तरुणाला ईदच्या संध्याकाळपासून गुटख्याशिवाय तासभरही राहवत नाही. ज्याने एक महिना संयम केला, त्याने हे तर सिद्ध केले आहे की त्याला संयम जमतो. मग शव्वालमध्ये तो जे उसवतो, ते स्वतःच्याच महिनाभराच्या मेहनतीचे सूत आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी म्हणूनच आपल्याला ओझे पेलेल एवढेच उचलण्यास शिकविले. अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे थोडे असले तरी नित्य केले जाते, अशी त्यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. रमजाननंतर सारेच टिकवता आले नाही तरी फजरची नमाज आणि कुरआनचे एक पान एवढे जो टिकवतो, त्याचे पहिले पाढे पंचावन्न झाले असे म्हणता येणार नाही.

पाणी ओसरल्यावर

कुरआनमध्ये परतण्याचे आणखी एक चित्र वारंवार आले आहे. माणसे नावेत बसून निघतात, वारा अनुकूल असतो, सारे आनंदात असतात. इतक्यात वादळ येते, लाटा चोहीकडून घेरतात, आणि आता वाचत नाही असे वाटू लागते. तेव्हा ती माणसे पूर्ण निष्ठेने केवळ अल्लाहला पुकारतात आणि वाचलो तर कृतज्ञ राहू असे वचन देतात. अल्लाह त्यांना वाचवतो. किनाऱ्याला लागताच ती पुन्हा भूमीवर अन्याय करू लागतात (सूरह यूनुस, १०:२२-२३).

सांगलीकरांनी हे चित्र डोळ्यांनी पाहिले आहे. २००५ च्या महापुरात पाहिले, २०१९ मध्ये पाहिले, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पुरातून बाहेर निघू पाहणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेक जण बुडून मृत्यू पावले. त्या वर्षी ईदुल अजहा १२ ऑगस्टला होती. पाणी अजून घरांत होते. अनेकांनी ईदचा खर्च बाजूला ठेवून तो पूरग्रस्तांच्या अन्नासाठी दिला. शाळा, मंगल कार्यालये, मंदिरे, मशिदी, जिथे कोरडी जमीन होती तिथे माणसांना आसरा मिळाला. शिजलेला भात कोणाच्या चुलीवरचा आहे हे कोणी विचारले नाही, आणि नावेतून ओढून घेणाऱ्या हाताची जात वा धर्म कोणी पाहिला नाही.

त्या दिवसांत किती वचने दिली गेली असतील! यातून वाचलो तर नमाज सोडणार नाही, भावाशी बोलणे टाकणार नाही, शेजाऱ्याचे उपकार विसरणार नाही. पाणी ओसरले, भिंतींवर चिखलाची रेषा राहिली, काही महिन्यांनी रंग दिल्यावर तीही गेली. वचनांचे काय झाले, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

समाज म्हणूनही आपण काय केले, हे विचारायला हवे. त्या पुराला चार वर्षेही पूर्ण झाली आणि १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा बळी गेला, अनेक जण जखमी झाले, दुकाने व वाहने जळाली. मिरजेने २००९ च्या सप्टेंबरमध्ये दंगल आणि संचारबंदी अनुभवली होती. पुराने जोडलेली माणसे पुन्हा संशयाच्या त्याच पहिल्या घरात येऊन उभी राहावीत, याहून मोठे सूत उसवणे कोणते? उसवणारे हात कोणाचे होते, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. उरलेले सूत सांभाळणे हे काम मात्र आपल्याही हातात आहे, आणि त्याविषयी आपल्यासमोर प्रेषितांचा आदर्श आहे.

मक्केला परतणे

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात परतण्याचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे मक्का-विजय. ज्या शहरात ते जन्मले, त्याच शहराने त्यांना तेरा वर्षे छळले, त्यांच्या अनुयायांना उपाशी ठेवले, त्यांच्या हत्येचा कट रचला. इसवी सन ६२२ मध्ये त्यांना रात्रीच्या अंधारात ते शहर सोडावे लागले. हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये, म्हणजे इसवी सन ६३० च्या आरंभी, ते दहा हजार अनुयायांसह त्याच शहरात परतले.

जगाच्या इतिहासात विजेते परततात तेव्हा काय घडते, हे आपण जाणतो. इथे काय घडले? विजेत्याची मान अल्लाहसमोरील नम्रतेने इतकी झुकलेली होती की चरित्रकारांनी आवर्जून तिची नोंद केली आहे. मक्केत कुठे उतरणार असे विचारले असता, अकीलने आमच्यासाठी कोणते घर शिल्लक ठेवले आहे काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. वाडवडिलांची घरे विकली गेली होती. ती परत मिळवणे त्या दिवशी एका शब्दाचे काम होते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही आणि तंबूत मुक्काम केला. काबागृहाची किल्ली पूर्वी ज्या घराण्याकडे होती, त्याच घराण्यातील उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना त्यांनी ती परत दिली. ठेवी ज्यांच्या त्यांना परत करा, ही सूरह अन-निसाची आयत (४:५८) अनेक भाष्यकारांनी या प्रसंगाशी जोडली आहे. आणि ज्यांनी छळले होते, त्यांना त्यांनी हजरत यूसुफ (अ.) यांनी आपल्या भावांना जशी दिली होती तशी क्षमा दिली.

पुढे जे घडले तेही लक्षात घेण्यासारखे आहे. मदीनेच्या अन्सारांच्या मनात शंका आली की आता हे आपल्या मूळ गावी, आपल्या माणसांत राहतील. प्रेषितांनी त्यांना आश्वस्त केले की माझे जगणे आणि मरणे तुमच्यासोबतच आहे. ते मदीनेला परतले आणि तिथेच अल्लाहला प्यारे झाले. ज्यांनी संकटात हात दिला, त्यांना सुबत्तेत विसरायचे नाही, हा धडा त्यांच्या या परतण्यात आहे.

ज्या गावात आपल्यावर अन्याय झाला, त्या गावात पुन्हा दुकान उघडणे, पुन्हा त्याच रस्त्याने मशिदीत जाणे, समोरच्या घराला पुन्हा सलाम-नमस्कार करणे सोपे नाही. इस्लाम अन्याय मुकाट सोसायला सांगत नाही. कायद्याच्या मार्गाने न्याय मागणे हा पीडिताचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. सूड मात्र माणसाला त्याच जुन्या घरात नेऊन टाकतो, जिथून प्रेषितांनी अरबांना बाहेर काढले होते. त्यापूर्वी टोळ्या पिढ्यान्पिढ्या एकमेकींचे रक्त सांडत होत्या आणि प्रत्येक टोळीला वाटत होते की आरंभ दुसरीने केला.

जिथे परतू नये अशी ठिकाणे

परतणे चांगले, असे सरसकट म्हणता येत नाही. बुखारी व मुस्लिममध्ये एका माणसाची हकीकत आहे. त्याने नव्याण्णव खून केले होते. तौबाची इच्छा झाली म्हणून तो एका संन्याशाकडे गेला. तुला क्षमा नाही असे त्याने सांगताच या माणसाने त्यालाही मारून शंभर पुरे केले. मग तो एका विद्वानाकडे गेला. विद्वानाने सांगितले की तुझ्या आणि तौबाच्या मध्ये कोण येऊ शकतो? अमुक भूमीत जा, तिथले लोक अल्लाहची उपासना करतात. आपल्या गावी मात्र परतू नकोस, ती वाईट भूमी आहे. तो निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याला मृत्यूने गाठले. दयेचे व शिक्षेचे फरिश्ते वाद घालू लागले. अंतर मोजले गेले. तो चांगल्या भूमीच्या वीतभर जवळ निघाला आणि त्याला क्षमा मिळाली.

त्या विद्वानाला ठाऊक होते की तौबा केवळ मनात होत नसते, तिला जागा आणि सोबतही बदलावी लागते. दारू सोडलेला माणूस रोज संध्याकाळी त्याच दुकानाच्या फळीवर 'केवळ गप्पांसाठी' बसू लागला, तर तो किती दिवस टिकेल? मटका सोडलेल्याने त्याच टपरीवर चहा का घ्यावा? व्याजाच्या कर्जातून घाम गाळून मोकळा झालेल्या कुटुंबाने मुलीच्या लग्नात लोक काय म्हणतील या भीतीने पुन्हा त्याच सावकाराची पायरी का चढावी? निकाह सोपा करणे हीच प्रेषितांची रीत आहे. गावजेवणाचा खर्च आणि भाड्याचा सजवलेला मंडप यांसाठी पुन्हा व्याजाच्या घरात पाऊल टाकणे म्हणजे सापशिडीचा साप आपण होऊन शोधणे आहे.

निघालो तिथेच पाणी

आता दुसऱ्या प्रकारचे परतणे पाहू. हजरत हाजरा (अ.) आपल्या तान्ह्या इस्माईल (अ.) यांच्यासह त्या ओसाड दरीत होत्या. मशकीतले पाणी संपले. मूल तहानेने तळमळू लागले. त्या सफा टेकडीवर चढल्या, कोणी दिसते का पाहिले, उतरून धावत मरवावर गेल्या, पुन्हा सफावर आल्या. असे सात फेरे झाले. प्रत्येक फेऱ्याला पुन्हा रिकामे हात, पुन्हा पहिल्यापासून धावणे. बाहेरून पाहणाऱ्याला ती व्यर्थ धडपड वाटली असती. आणि अखेर पाणी कुठे निघाले? सफावर नाही, मरवावर नाही. त्या जिथे मुलाला ठेवून निघाल्या होत्या, तिथेच जमजम फुटला.

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील भगिनींना या कथेचा अर्थ अधिक कळेल. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सह्याद्रीच्या पूर्वेला या पट्ट्यात तो सरासरी पाचशेच्या आसपास रेंगाळतो. डोक्यावर हंडा घेऊन कोरड्या विहिरीपर्यंत जायचे, रिकामे परतायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे, हे फेरे इथल्या कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांनी घातले आहेत. अल्लाहने एका आईचे ते धावणे व्यर्थ मानले नाही, इतकेच नव्हे तर कयामतपर्यंत येणाऱ्या प्रत्येक हाजीसाठी ते अनिवार्य केले. जग जिंकणारा बादशहा असला तरी त्याला हजमध्ये एका आईच्या पावलांवर पाऊल ठेवून सात फेरे पुरे करावे लागतात.

तौबाविषयीच्या एका हदीसमध्येही हेच चित्र आहे. एक प्रवासी ओसाड, जीवघेण्या प्रदेशात आहे. त्याचे अन्नपाणी लादलेला उंट हरवतो. तो शोध शोध शोधतो, तहानेने व्याकूळ होतो आणि शेवटी म्हणतो की आता मी जिथे होतो त्याच जागी परततो आणि तिथेच मरण येईपर्यंत पडून राहतो. तो परततो, हातावर डोके टेकून झोपतो. डोळे उघडतो तो उंट अन्नपाण्यासह त्याच्यासमोर उभा! त्या माणसाला जितका आनंद होईल, त्याहून अधिक आनंद अल्लाहला आपल्या दासाच्या तौबाने होतो, असे प्रेषितांनी सांगितले.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. हाजरा (अ.) परतल्या तेव्हा त्यांचा अल्लाहवरचा भरवसा अढळ होता. तो प्रवासी परतला तेव्हा त्याचा स्वतःच्या शक्तीवरचा गर्व गळून पडला होता. दोघेही निघाले तिथेच आले, पण जसे निघाले तसे आले नाहीत. काबागृहाची परिक्रमाही अशीच आहे. प्रत्येक फेरा हजरे-अस्वदपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. भक्त पाऊलभरही 'पुढे' गेलेला नसतो, तरीही प्रत्येक फेऱ्याबरोबर तो आपल्या रबच्या अधिक जवळ गेलेला असतो.

तौबा म्हणजे परतणे

तौबा या अरबी शब्दाचा अर्थच परतणे, वळणे असा आहे. केवळ जिभेने 'तौबा तौबा' म्हणणे म्हणजे परतणे नव्हे. विद्वानांनी तिच्या अटी सांगितल्या आहेत : पाप तात्काळ सोडणे, केलेल्याचा मनापासून पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा दृढ निश्चय करणे, आणि पाप माणसाच्या हक्काशी संबंधित असेल तर तो हक्क ज्याचा त्याला परत करणे. पहिल्या तीन अटी आपण निदान ऐकलेल्या तरी असतात. चौथीपाशी मोठमोठे नमाजीही थबकतात.

एकच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या घराघरांत आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. 'माहेर तुटू नये' या भीतीने ती सही करते. पूर्वी माळरान होते तेव्हा त्या जमिनीला किंमत नव्हती. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवले, माळावर ऊस आणि द्राक्षबाग उभी राहिली, आणि बहिणीचा हिस्सा मात्र त्या कागदावरच राहिला. मुलीचा वारसाहक्क सूरह अन-निसामध्ये (४:११) अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे आणि तो पाळणे अनिवार्य केले आहे. जो भाऊ दरवर्षी उमराहचा बेत करतो आणि बहिणीचा हिस्सा देत नाही, त्याने विचार करावा की तो काबागृहाभोवती फिरून परत कुठे येणार आहे. त्याच्यासाठी परतीची वाट मक्केच्याही आधी बहिणीच्या दारावरून जाते. प्रेषितांनी काबागृहाची किल्ली परत दिली, आपण सातबाऱ्यावरचे नाव तरी परत द्यावे.

ज्यांच्याकडून वारंवार तेच पाप घडते आणि जे 'आता कोणत्या तोंडाने तौबा करू' असे म्हणून निराश होतात, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की तौबा करून पुन्हा घसरणे ही दुर्बलता आहे, पण घसरलो म्हणून परतणेच सोडून देणे ही शैतानची इच्छा आहे. धागा दहादा तुटला तरी दहादा गाठ मारावी. मागावरून उठून जाऊ नये.

अखेरचे परतणे

आपण साऱ्यांनी एक परतणे निश्चित करावयाचे आहे. ज्याप्रमाणे अल्लाहने पहिल्यांदा निर्माण केले, त्याचप्रमाणे तो पुन्हा निर्माण करील, हे कुरआनने अनेक ठिकाणी सांगितले आहे (७:२९, २१:१०४). जसे पहिल्यांदा एकटे निर्माण झालो तसेच एकटे त्याच्यासमोर जाऊ आणि जे काही दिले गेले होते ते पाठीमागे सोडून जाऊ, असेही सांगितले आहे (६:९४). म्हणजे त्या दिवशी प्रत्येकाचे वर्तुळ पूर्ण होणार आहे. ज्याने वाटेत शेते भिजवली त्याचेही, आणि ज्याने सूत उसवले त्याचेही.

त्याची पूर्वतयारी जगातच करता येते. ज्याचा हज स्वीकारला गेला तो आईने जन्म दिला त्या दिवसासारखा निर्मळ होऊन परततो, असे प्रेषितांनी सांगितले आहे. निघालो तिथे परतण्याचे याहून सुंदर चित्र नाही. पन्नास-साठ वर्षांचा माणूस, पांढरी दाढी, थकलेले गुडघे, आणि कर्मपत्रिका नवजात बालकासारखी. मात्र त्या निर्मळ पानावर परतल्यानंतरचा पहिला शब्द आपण कोणता लिहितो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

तेव्हा आज घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मागच्या रमजानमध्ये किंवा मागच्या संकटात मी अल्लाहला कोणते वचन दिले होते आणि त्यातले किती उसवले? कोणाचा हक्क माझ्याकडे अडकला आहे, जो मरणाआधी परत करावयास हवा? आणि ज्या शेजाऱ्याने पुराच्या पाण्यात हात दिला होता, त्याच्या दारी मी शेवटचा कधी गेलो होतो? उत्तर लाजवणारे असेल तर उशीर करू नये. परतीची वाट ज्या क्षणी आठवते, त्याच क्षणी ती उघडी असते.

हे अल्लाह, अंतःकरणे फिरवणाऱ्या पालनकर्त्या! आमची अंतःकरणे तुझ्याकडे वळव आणि वळल्यानंतर त्यांना स्थिर ठेव. आमच्या हातांनी कातलेले सूत आमच्याच हातांनी उसवू देऊ नकोस. आमच्या गावांना पुरापासून, दुष्काळापासून आणि द्वेषापासून वाचव. ज्यांची माणसे गेली त्यांना धीर दे आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना न्याय दे. आणि ज्या दिवशी आम्ही तुझ्याकडे परत येऊ, त्या दिवशी आम्हाला तुझ्या समोर लज्जित करू नकोस. आमीन.